नोंद सापडली नाही

यंदा उन्हाळी सुट्टीत देवासला जाऊन आले. तिथे माझी मावसबहीण असते. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणते. मावशी लग्न होऊन बेळगावहून धारला गेली आणि तिकडचीच झाली. त्यामुळे आक्काचं माहेर धार आणि सासर देवास. तिच्या मराठीत हिंदी मिसळलेली, माझ्या मराठीत कानडी. पण रात्री गच्चीवर गाद्या पडल्या की आम्हा दोघींच्या गप्पांना कुठलीच भाषा आड येत नाही.

या वेळी मात्र पहिल्याच रात्री गप्पांना कामाचं वळण लागलं. भावजींना जाऊन दोन वर्षं झाली. घराजवळच्या मुलींच्या वसतिगृहात देखरेखीला बाई हवी होती. पगार बेताचा, पण काम आक्काच्या स्वभावाला साजेसं आणि चालत जाण्याच्या अंतरावर. अट एकच होती, बाई पदवीधर हवी. आक्का १९९५ची बी. ए. आहे, धारच्या एका महाविद्यालयातली. पण गुणपत्रिका आणि पदवीचं प्रमाणपत्र ज्या ट्रंकेत होतं, तिला वाळवी लागली होती. कागद मागितले म्हणून ट्रंक उघडली, तर आत नुसता भुसा. कागद आणून द्यायला वसतिगृहानं पंधरा दिवस दिले होते.

“मावशी, टेन्शन नको घेऊ,” भाची म्हणाली, “आता सगळं पोर्टलवर असतं.”

तिनं आधी स्वतःचं उघडून दाखवलं. ती देवासलाच शिकली. मोबाइलवर चार बोटं फिरवली आणि तिच्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका शिक्क्यासह समोर हजर. मग तिनं आईचं नाव घातलं, जन्मतारीख घातली, बटण दाबलं. एक चक्र थोडा वेळ फिरलं आणि लाल अक्षरं आली, ‘रिकॉर्ड नहीं मिला’. माहेरचं नाव घातलं, तरी तेच. सासरचं घातलं, तरी तेच. इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांनी बदलून पाहिलं. चक्र फिरे आणि तीच लाल अक्षरं येत.

आक्का बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत होती. मग म्हणाली, “म्हणजे मी शिकलेच नाही का गं?”

हे ती हसत म्हणाली, पण मला ते हसणं आवडलं नाही. तीन वर्षं भर उन्हात सायकल मारत कॉलेजला गेलेली ही बाई. तिच्या आळीतली ती पहिली पदवीधर मुलगी. आणि आता एक पडदा तिला सांगत होता की तुझी नोंदच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं शांत झाल्यावर लक्षात आलं की पहिली चूक आमचीच होती. आम्ही चुकीच्या दारात उभ्या होतो. देवास जिल्ह्यातली महाविद्यालयं उज्जैनच्या विद्यापीठाला जोडलेली. हे विद्यापीठ १९५७ साली विक्रम या नावानं सुरू झालं. धार जिल्हा मात्र इंदूरच्या विद्यापीठाकडे. ते १९६४ साली इंदूर विद्यापीठ म्हणून स्थापन झालं आणि पुढे त्याला देवी अहिल्येचं नाव मिळालं. भाची देवासची, म्हणून तिनं सवयीनं उज्जैनचं पोर्टल उघडलं होतं. आईचं शिक्षण धारचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक असून कुणाच्या लक्षात आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

खरं तर देवासच्या माणसानं अशी चूक करू नये. हे गाव पूर्वी एकाच वेळी दोन संस्थानांची राजधानी होतं. पवार घराण्यातल्या तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांनी अठराव्या शतकात इथे जम बसवला आणि त्यांच्या दोन शाखा झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, पण राजे दोन, कचेऱ्या दोन, दफ्तरंही दोन. टेकडीवर देवीसुद्धा दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा. लोक त्यांना बडी माता आणि छोटी माता म्हणतात. आपला कागद कुठल्या पातीच्या कचेरीत आहे हे माहीत नसेल, तर त्या काळीही माणूस दिवसभर हिंडून रिकाम्या हातानं घरी येत असणार. धारचे पवार त्याच घराण्यातले, पण त्यांचं संस्थान वेगळं. १९४८ साली ही सारी संस्थानं मध्य भारतात विलीन झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ला मध्य भारतासह मध्य प्रदेशात आली.

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपल्याला कुणी सांगायला नको. त्याच दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. राज्यं बदलली की दफ्तरंही हलतात, आणि आपल्या भागातल्या घरांत हे पिढ्यांनुसार दिसतं. बेळगावचं लिंगराज कॉलेज १९३३ साली निघालं, तेव्हा इथली मुलं मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेला बसत. १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन झालं आणि पुढच्या वर्षी धारवाडला आलं. २०१०पासून बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. एकाच घरात आजोबा मुंबईचे पदवीधर, वडील धारवाडचे आणि नात राणी चन्नम्माची, असं सहज असतं. शिवाय कुणी कोल्हापूरला शिकलेलं असलं, तर १९६२चं शिवाजी विद्यापीठ आलंच. पोर्टल उघडण्याआधी आपण कोणत्या साली, कोणत्या विद्यापीठाच्या हद्दीत शिकलो हे कागदावर लिहून घ्यावं. निम्मी शोधाशोध तिथेच वाचते.

बरोबर दार सापडलं, तरी ते लगेच उघडलं नाही. धारच्या महाविद्यालयाच्या पोर्टलवर जुन्या विद्यार्थ्यांसाठी जागा होती, पण तिथे नामांकन क्रमांक हवा होता. नामांकन म्हणजे विद्यापीठात आपली नोंदणी होते तेव्हा मिळणारा क्रमांक. तीस वर्षांपूर्वीचा क्रमांक कुणाला आठवतो? नावानं शोधायची सोय होती. तिथे पुन्हा तीच लाल अक्षरं.

नावाची तर वेगळीच कथा. आक्काच्या माहेरच्या आडनावात ‘ळ’ आहे. हिंदी लिहिणारा माणूस तिथे ‘ल’ लिहितो. इंग्रजीत ‘ळ’ला अक्षरच नाही. मग कुणी एकदा ‘एल’ लिहितो, कुणी दोनदा. आपल्याकडे कानडीत ‘ळ’ आहे, त्यामुळे मराठी-कानडी घरांना हा त्रास कमी. पण आपला त्रास वेगळा. मराठी रीत म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. कानडी कागदावर गावाचं आणि वडिलांचं आद्याक्षर पुढे येतं, आणि आडनाव कधी असतं, कधी नसतं. पोर्टलला मात्र तीन चौकटी भरूनच हव्यात.

देवासला असताना भानुकुलवरून जाणं झालं. कुमार गंधर्वांचं हे घर. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला हा मुलगा १९४८ साली क्षयानं आजारी होऊन देवासच्या कोरड्या हवेत आला आणि १९९२ साली जाईपर्यंत तिथेच राहिला. त्यांचं मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ. जग ज्या नावानं त्यांना ओळखतं, ते नाव पोर्टलच्या चौकटीत घातलं असतं तर त्यांचीही नोंद सापडली नसती! त्यांच्याच घरात आडनावातला ‘मठ’ गळून लेक आणि नातू कोमकली झाले, आणि मुलगा वडिलांचं नाव मागे लावून मुकुल शिवपुत्र म्हणवतो. कलावंतांना हे शोभतं आणि लोक त्यांना ओळखतातही. आक्कासारख्या साध्या बाईला मात्र एक ‘ळ’ भारी पडतो.

क्रमांक सापडला तो पोथीत. चौथ्या दिवशी गुरुवार होता. आक्का गुरुचरित्र वाचायला बसली. ही मावशीची पोथी, तिच्या पश्चात लेकीकडे आलेली. शेवटच्या अध्यायाशी पानांत एक घडी केलेला कागद होता. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचं परीक्षेचं प्रवेशपत्र. पेपर संपले त्या दिवशी मावशीनं ते देवापुढे ठेवलं होतं आणि निकाल लागेपर्यंत राहू दे म्हणून पोथीत सरकवलं होतं. निकाल लागला, लग्न ठरलं, कागद तिथेच राहिला. त्यावर साल होतं, आसन क्रमांक होता, नामांकन क्रमांक होता आणि कोपऱ्यात कुंकवाचं पुसट बोट होतं. आक्कानं पोथी तशीच उघडी ठेवून मला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी इंदूरमार्गे एसटीनं धारला निघालो. एसटी ही आपली सवय. तिकडे नुसतं बस म्हणतात. महाविद्यालयाच्या कार्यालयात एक तरुण कारकून होता. त्यानं क्रमांक संगणकात घातला, मान हलवली आणि म्हणाला, “मॅडम, इसमें उतना ही है जितना हमने डाला है।” त्यांच्याकडे संगणकात नोंदी भरल्या त्या अलीकडच्या वर्षांच्या. आधीच्या नोंदी आत कपाटात होत्या. मग त्यानं आतल्या खोलीतल्या एका वयस्कर शिपायाला बोलावलं. लोखंडी कपाट उघडलं, कापडी बांधणीचं मोठं रजिस्टर बाहेर आलं, त्याच्यावरची धूळ झटकली गेली. साल काढायला पाच मिनिटं लागली आणि ओळ काढायला एक.

आक्काचं पूर्ण नाव तिथे निळ्या शाईत होतं. ‘ळ’ सकट. लिहिणारा कारकून त्या वेळी मराठी असावा. वडिलांचं नाव, व्यवसाय, पत्ता, जन्मतारीख. एका रकान्यात मातृभाषा, मराठी. आक्कानं त्या ओळीवरून बोट फिरवलं. वडिलांच्या नावापाशी ते थांबलं. काही बोलली नाही. शिपाई म्हणाला, “आराम से देखिए, बहनजी.”

त्या ओळीचा प्रमाणित उतारा मिळाला. नामांकन क्रमांक आणि उतारा जोडून विद्यापीठाकडे गुणपत्रिकेच्या दुसऱ्या प्रतीचा अर्ज ऑनलाइन भरला. त्याला रीतसर फी आणि रीतसर मुदत. प्रती हातात आल्या तेव्हा वसतिगृहाची जागा भरून गेली होती. पंधरा दिवसांत होणारं ते काम नव्हतं. आता कागद तयार आहेत आणि आक्का पुढच्या जागेची वाट पाहते आहे. फोनवर म्हणाली, “जागा मिळेल तेव्हा मिळेल. मी शिकलेय हे तरी आता कागदावर आहे.”

इथपर्यंत कुणालाही वाटेल की दोष तिकडच्या कारभाराचा. मलाही येताना गाडीत तसंच वाटत होतं. मग आठवलं. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात नोंदी संगणकात भरायचं काम निघालं, तेव्हा समितीत मीही होते. किती मागे जायचं असा प्रश्न आला. जुनी रजिस्टरं जाड, अक्षर पुसट, हाताशी दोनच मुलं. मीच म्हटलं होतं, “जुन्या नोंदी कोण मागायला येतंय? अलीकडच्या भरा.” त्याखाली माझी सही आहे. शिवाय मधल्या नावाच्या चौकटीत अक्षरं मावेनात, म्हणून लांब नावांचं पहिलं अक्षर घ्यायलाही मीच सांगितलं होतं. कितीतरी मुलींच्या वडिलांची नावं मी अशी एका अक्षरावर आणून ठेवली. त्यांच्यातली कुणी आज कुठल्या तरी गावी मोबाइल हातात घेऊन लाल अक्षरांकडे पाहत असेल.

तेव्हापासून दर शनिवारी एक तास मी आणि आमचे एक निवृत्तीला आलेले कारकून जुनं रजिस्टर घेऊन बसतो. पूर्ण नोंद भरणं आमच्याच्यानं होणार नाही. फक्त साल, क्रमांक आणि पूर्ण नाव एवढी सूची करतो. एवढं असलं की कुणी विचारायला आलं तर ‘नोंद नाही’ असं सांगावं लागत नाही. ‘कपाटात आहे, काढून देतो’ असं सांगता येतं. या दोन उत्तरांतला फरक आक्कानं मला शिकवला.

आता आपल्या घरासाठी चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, कोणता कागद कुणाकडे असतो ते ध्यानात ठेवावं. प्रवेशाची नोंद आणि दाखला महाविद्यालयाकडे. गुणपत्रिका, पदवी आणि मायग्रेशन विद्यापीठाकडे. दहावी-बारावीचे गुण बोर्डाकडे. आपण गुणपत्रिका म्हणतो, तिला कानडीत अंकपट्टी म्हणतात आणि तिकडे हिंदीत अंकसूची. नाव बदललं तरी कागद तोच असतो. दुसऱ्या राज्याच्या पोर्टलवर शब्द पाहून घाबरू नये.

दुसरी, क्रमांक जपावेत. कागद हरवला तरी क्रमांक असला की वाट सापडते. घरातल्या प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक, आसन क्रमांक, साल, महाविद्यालय आणि विद्यापीठ एका वहीत लिहून ठेवावं. किराणा मालाची वही चालते, पण घरात दोघांना तरी ती कुठे आहे हे ठाऊक असावं.

तिसरी, मुलं शिकत असतानाच नाव तपासावं. कर्नाटकात २०२१पासून पदवीचे प्रवेश आणि परीक्षेच्या नोंदी यूयूसीएमएस या पोर्टलवर होऊ लागल्या. मध्य प्रदेशात प्रवेशाला समग्र आयडी मागतात. त्यात कुटुंबाचा क्रमांक आठ अंकी आणि माणसाचा नऊ अंकी. देशभर क्रेडिट बँकेचा आणि अपारचा क्रमांक आला आहे, आणि तिथे आधारवरचं नाव जुळावं लागतं. दहावीच्या कागदावर एक, आधारवर दुसरं आणि महाविद्यालयात तिसरं, असं असेल तर ते पहिल्याच वर्षी दुरुस्त करून घ्यावं. विद्यार्थी असताना जे एका अर्जात होतं, त्याला पुढे प्रतिज्ञापत्र आणि खेटे लागतात. आणि नोंदणीला मोबाइल नंबर घरचाच द्यावा. सायबर कॅफेवाल्याचा नंबर दिला की ओटीपी त्याच्याकडे जातो. वर्षभरानं तो दुकान बंद करतो आणि आपल्या खात्याला कुलूप लागतं.

चौथी, डिजिलॉकर. २०१५ साली सुरू झालेल्या या सोयीत विद्यापीठानं किंवा बोर्डानं दिलेला कागद नियमानं मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. आपण फोटो काढून चढवलेल्या कागदाला तो मान नाही, पण क्रमांक शोधायला त्याचाही उपयोग होतो. तिथे कागद दिसला नाही, तर संस्थेनं तो अजून चढवलेला नाही एवढंच समजावं. मग सरळ कार्यालय गाठावं. सरकारी किंवा सरकारी मदतीवर चालणाऱ्या संस्थेत दाद लागली नाही, तर २००५चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. दफ्तराची नीट सूची करून ठेवावी, हे त्याच कायद्याचं चौथं कलम संस्थांना सांगतं. आम्ही शनिवारी जे करतो ते काही उपकाराचं काम नाही, हे मी स्वतःलाही बजावते.

परवा सूची करताना एका जुन्या रजिस्टरात एका मुलीच्या नावापुढे कुणीतरी दोन नावं लिहिलेली दिसली, एक मराठी अक्षरात, एक कानडीत, आणि दोन्हींत ‘ळ’ नीट काढलेला. लिहिणाऱ्याला तेवढी दोन मिनिटं जास्त लागली असतील. ते पान कारकूनकाकांना दाखवलं, तर ते म्हणाले, “हे माझंच अक्षर.” मी त्यांना चहा सांगितला आणि पुढची ओळ वाचायला घेतली.